'रिव्हायव्हल' की 'रिफॉर्म'? : न्यायमूर्ती रानडे यांचा शब्दविचार

मरगळलेल्या गोष्टीत पुन्हा चैतन्य आणण्यासाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. विद्यार्थी ते समानार्थी म्हणून पाठ करतात. पण प्रत्येक शब्द त्या गोष्टीची आधीची अवस्था वेगळी मानतो. 'रिस्टोअर'मध्ये वस्तू बिघडलेली असते. 'रिज्युव्हिनेट'मध्ये ती वृद्ध झालेली असते. त्यातील लॅटिन मूळ आणि संस्कृत 'युवन्' एकाच कुळातले आहेत. 'रिव्हाइव्ह'मध्ये मात्र ती मृत असते किंवा नुसती बेशुद्ध.

या शेवटच्या दुहेरी अर्थावर एक मोठा वाद उभा आहे. १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत न्या. महादेव गोविंद रानडे यांनी इंग्रजीतून भाषण केले. प्राचीन परंपरेचे 'रिव्हायव्हल' मागणाऱ्यांना त्यांनी विचारले, नेमके काय जिवंत करायचे? नियोग? सती? अपहरणासह आठ विवाहप्रकार? क्रियापद सकर्मक आहे, तेव्हा कर्म सांगा, असाच हा आग्रह होता. त्यापुढे 'परंपरा' हा मोघम शब्द टिकत नाही. हे भाषणाचे खरे बळ.

मर्यादाही आहे. रानडे 'रिव्हाइव्ह'चा सर्वांत कठोर अर्थ घेतात : मेलेले उठवणे. प्रतिपक्षाला समाज मृत नव्हे, मूर्च्छित वाटत होता. शिवाय उदाहरणे निवडून वाईटच घेतली आहेत. पुढे लाला लजपत राय यांनी हाच प्रश्न उलटवला : सुधारणा तरी कोणत्या नमुन्यावर?

तरीही रानडे यांचे उत्तर भाषणातच आहे. समाज हा सजीव देह आहे आणि त्यात बदल सतत चालू असतो. गेलेला काळ परत येत नाही. जुन्या द्रव्यातून नवे रूप मात्र घडते. येथे ते 'रिफॉर्म' शब्द मुळातून वाचतात : पुन्हा रूप देणे.

मराठीत आपण 'पुनरुज्जीवन की सुधारणा' म्हणतो, तेव्हा हीच गोष्ट हरवते. 'सुधारणे' म्हणजे दोष काढणे. दोन्ही इंग्रजी शब्दांतील 'पुन्हा' मराठीत एकाच शब्दात उरतो, आणि सुधारक जणू जुन्याशी नातेच तोडतो असे वाटू लागते. रानडे तसे म्हणत नव्हते.

विचार करा : 'भाषेचे पुनरुज्जीवन' म्हणताना आपण भाषेची कोणती अवस्था गृहीत धरतो?