स्लॅबमधले माटोळीचे हूक

डिचोलीतल्या एका घरात देवाच्या खोलीत उभे राहून वर पाहिले, की स्लॅबमधून बाहेर आलेले लोखंडी हूक दिसतात. काँक्रीट ओतण्याआधीच गवंड्याने ते सळ्यांना बांधले होते. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवायच्या माटोळीची चौकट त्यांनाच टांगतात. कौलारू घरात ती वाशांना बांधायची. नव्या घरात वासे नव्हते, म्हणून ही सोय आधीच करून ठेवली. गोव्यातल्या आधुनिक घराचे मर्म मला या हुकांत दिसते.

‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ घरांचे आकर्षण आज जगभर आहे. बैठे छप्पर, रुंद खिडक्या, घर आणि अंगण जोडणारी मांडणी, नक्षी टाळलेले लाकूड ही त्यांची ओळख. कॅलिफोर्नियात १९४५ साली एका नियतकालिकाने ‘केस स्टडी हाउसेस’ उपक्रम सुरू केला, तो युद्धानंतरच्या घरबांधणीला सुटसुटीत, परवडणारा नमुना मिळावा म्हणून. त्या शैलीचे मूळ गरजेत आहे.

पेडणे-डिचोलीत ती गरज १९६१च्या गोवामुक्तीनंतर बोलू लागली. १९६४चा कूळ कायदा आला, १९७५चा मुंडकार कायदा आला. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंतीत राहिलेल्यांना पक्के घर बांधण्याचे बळ आले. डिचोलीत खाणीवरच्या कामाचा पैसा होता, पेडण्यात मुंबईहून येणारी मनीऑर्डर. सिमेंट परवान्यावर मिळत असल्याने काटकसर अंगवळणी पडली होती. चिऱ्याची भिंत, पातळ छज्जा, सपाट स्लॅब, जिन्याला सिमेंटची जाळी, पुढे पोर्च आणि त्यात लाल कोब्याचा कट्टा. पडवीतला सोपा तसाच पोर्चमध्ये आला. यातल्या बहुतेक घरांना वास्तुविशारद नव्हताच. ती गवंड्याने आणि घरमालकाने अंगणात रेघा मारून ठरवली.

दुपारी अशा घराच्या जिन्यात बसून पाहावे. जाळीतून आलेले उन्हाचे चौकोन पायरी-पायरीने सरकतात, वारा खेळतो आणि रस्त्यावरच्याला आतले माणूस दिसत नाही. ऊन, वारा आणि आडोसा हे तिन्ही प्रश्न एका साच्यातल्या ठोकळ्याने सोडवले. याला मी उत्तम डिझाइन म्हणतो.

दोषही सांगितले पाहिजेत. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट स्लॅब गळणारच. एप्रिलमध्ये वरच्या खोलीत झोपवत नाही. म्हणूनच आज या घरांवर पत्र्याचा नाहीतर कौलांचा उतरता सांगाडा चढलेला दिसतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांना हे हवामान नेमके कळले होते. पणजीच्या त्यांच्या कला अकादमीत माणूस दारातून आत शिरत नाही. छताखालच्या मोकळ्या सावलीतून चालत थेट मांडवीकाठी पोचतो. मोकळ्या आकाशाखालची जागा हा त्यांच्या विचाराचा गाभा होता, आणि आपल्या जुन्या वाड्यांतले राजांगण म्हणजे तरी दुसरे काय?

आता पेडण्याकडे पाहा. मोप विमानतळावरून २०२३च्या जानेवारीत उड्डाणे सुरू झाली. मांद्रे-मोरजीकडे याच ‘मिड-सेंच्युरी’ रूपाचे नवे व्हिला दिसतात. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, त्यामागे दिवसभर ओढलेले पडदे आणि अखंड चालणारा एसी. ज्या शैलीने उजेड-वाऱ्यासाठी भिंती मोकळ्या केल्या, तिच्या नावाखाली माणूस पुन्हा कोंडला जातो आहे. माझ्या मते ही घरे त्या शैलीचा फक्त चेहरा उचलतात.

आणि खरी साठ-सत्तरच्या दशकातली घरे पाडली जात आहेत. बार्देश-साष्टीतल्या जुन्या हवेल्यांवर देखणी पुस्तके निघाली, पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा पाहायला लोक येतात. ते योग्यच आहे. पण कुळाने, मुंडकाराने, खाणीवरच्या ड्रायव्हरने बांधलेले पहिले पक्के घर वारशात मोजायला कोणी तयार नाही. मला तेच गोव्याचे सर्वांत प्रामाणिक आधुनिक घर वाटते.

तुमच्या वाड्यावर असे घर पाडायला काढले असेल तर आधी त्याचा नकाशा काढून ठेवा, जाळीचा एक ठोकळा जपून बाजूला काढा. आणि ते बांधणारा गवंडी हयात असेल तर या पावसाळ्याआधी त्याला भेटा.