दौऱ्यावरचा मिशनरी आणि तुमचा प्रबंध

गडचिरोलीच्या माडिया-गोंडांवर प्रबंध करताय? मग स्टीफन हिस्लॉप समोर येणारच. हा नागपूरचा स्कॉटिश मिशनरी १८६३ मध्ये बुडून वारला; आदिवासींवरची त्याची टिपणं रिचर्ड टेंपलने संपादून १८६६ मध्ये छापली. त्यामुळे वाक्य हिस्लॉपचं की टेंपलचं, हे आधी तपासा. त्यातलं लिंगोचं गोंडी गीत अमूल्य आहे, वादच नाही! पण नागपुरात शाळा चालवणाऱ्याने दौऱ्यांवर जे टिपलं, ते भामरागडचा पुरावा म्हणून कसं चालेल? व्हेरिअर एल्विनही १९२७ साली मिशनरी म्हणूनच भारतात आला, पण पुढे मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये वर्षानुवर्षं राहिला. तुमचं दहा दिवसांचं फील्डवर्क यांपैकी कुणासारखं? पद्धतीच्या प्रकरणात मुक्कामाचे दिवस आणि दुभाषा कोण, दोन्ही लिहा, गाईड विचारतीलच.