शब्दकोड्यातील साहाय्य : एक चिकित्सा

दैनिकातील शब्दकोडे एकट्याने सोडवावयाचे असते असा समज रूढ असला, तरी प्रत्यक्षात ते क्वचितच एकट्याने सुटते. अडलेला वाचक घरातील वडीलधाऱ्यांस विचारतो, कोश उघडतो, अलीकडे संगणकाकडे वळतो, आणि काहीच न साधल्यास दुसऱ्या दिवशीच्या उत्तराची वाट पाहतो. या साहाय्याचा विचार सामान्यतः नैतिक दृष्टीने होतो. ते घेणे म्हणजे लबाडी की काय, एवढाच प्रश्न उपस्थित केला जातो. भाषेच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. बाहेरचे साहाय्य मुळात का लागते, आणि ते मिळाल्यावर सोडविणाऱ्याच्या हाती काय पडते? मराठी कोड्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यास दोष वाचकाच्या शब्दसंग्रहात कमी व कोड्याच्या रचनेत अधिक आढळतो.

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विन याने रचलेले कोडे प्रसिद्ध झाले. आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ तेथून मानला जातो. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये हा प्रकार स्वीकारला. या सर्व रचनांत सोडविणाऱ्यास दोन अंतर्गत साहाय्ये उपलब्ध असतात. पहिले संकेताचे, म्हणजे शब्द सुचविणाऱ्या वाक्याचे. दुसरे छेदाचे, म्हणजे आडव्या व उभ्या शब्दांना समान असलेल्या घराचे. एक साहाय्य दुर्बळ असेल तेथे दुसरे सबळ असावे, हा कोडेरचनेतील न्याय होय. या दोहोंनी कार्य केले नाही म्हणजेच तिसऱ्याला हाक मारावी लागते.

मराठी कोड्यात एका घरात एक वर्ण नसून स्वरचिन्हासह व अनुस्वारासह एक अक्षर बसते. त्यामुळे छेदातून मिळणारी माहिती इंग्रजीतील एका वर्णापेक्षा अधिक असावी अशी अपेक्षा होते. परंतु ती माहिती शब्दातील स्थानावर अवलंबून राहते. ‘कमळ’ असा संकेत आणि तीन घरे असे उदाहरण घ्यावे. पंकज, नीरज, अंबुज, सरोज आणि जलज ही पाच उत्तरे तरी सारखीच योग्य ठरतात. छेद तिसऱ्या घरात असून तेथे ‘ज’ मिळाला, तर ‘राजीव’ वा ‘नलिनी’ बाद होतात, पण हे पाचही शब्द जागच्या जागी राहतात. तोच छेद दुसऱ्या घरात असता तर क, र, बु, रो, ल यांपैकी एका अक्षराने निर्णय झाला असता. ‘मेघ’ या संकेताची गतीही हीच : जलद, नीरद, अंबुद, तोयद, वारिद. संस्कृत समासांत उत्तरपद समान व पूर्वपद भिन्न असल्याने अंत्याक्षराचे मूल्य घटते. अडचण अशी की ‘बु’ किंवा ‘रो’ यांसारख्या अक्षरांवर दुसरा शब्द गाठणे रचनाकारास कठीण जाते, आणि ‘ज’, ‘द’, ‘र’, ‘ल’ ही अक्षरे सुलभ वाटतात. जेथे छेद पाडणे सोपे, तेथे त्याचे साहाय्य बहुधा अल्प असते. लेखनपद्धतीही येथे तटस्थ नाही. ‘पंकज’ लिहिल्यास अनुनासिक पहिल्या घरात जाते. ‘पङ्कज’ लिहिल्यास ते दुसऱ्या घरात उतरते.

छेद असा दुबळा पडला असता भार संकेताने उचलावयास हवा. इंग्रजी गूढकोड्यांच्या परंपरेत या बाबतीत कठोर शिस्त निर्माण झाली. ‘झिमेनीझ’ या नावाने कोडी रचणारे डी. एस. मॅक्नट यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात तिचे नियम मांडले. एका संकेतात उत्तराची व्याख्या असावी, त्याच उत्तराकडे नेणारी शब्दक्रीडाही असावी, आणि तिसरे काही असू नये. उत्तराकडे असे दोन मार्ग असल्याने एका मार्गाने सापडलेला शब्द दुसऱ्या मार्गाने तपासता येतो. मराठी दैनिकांतील संकेत मात्र बहुतांशी समानार्थी शब्द देऊन थांबतो. मराठीस हे दुसरे अंग पेलणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. ‘चिखलात जन्मलेले’ म्हटले की पाचांतून पंकज वेगळा होतो. ‘तळ्यात जन्मलेले’ म्हटले की सरोज. उरलेले तीन शब्द ‘पाण्यात जन्मलेले’ या एकाच व्युत्पत्तीचे, म्हणून तेथे अर्थविग्रह थांबतो. पण ‘उलटे वाचले तरी तेच राहणारे कमळ’ या संकेताला जलज हेच उत्तर आहे. ‘रजनीचा शेवट आधी आला की दिसणारे कमळ’ या संकेतात ‘नी’ पुढे येऊन नीरज सिद्ध होतो. अक्षर हे एकक मानल्यामुळेच ही क्रीडा संभवते, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

या पार्श्वभूमीवर बाह्य साहाय्याचे मूल्य ठरवावे लागते. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शब्दाकडून अर्थाकडे जातो, आणि त्याची वाट आद्याक्षरातून सुरू होते. सोडविणाऱ्याचा प्रवास अर्थाकडून शब्दाकडे असतो, व त्याच्या हाती पुष्कळदा अंत्याक्षरच असते. त्याच्या गरजेस ‘अमरकोशा’ची वर्गवार मांडणी अधिक जवळची, तेथे कमळाची नावे वारिवर्गात एकत्र सापडतात. पण तेथेही मिळते ती यादी. निवड करण्याचे साधन मिळत नाही. संगणकाची अडचण आणखी मौलिक आहे. युनिकोड लेखनात स्वरचिन्ह व अनुस्वार यांना स्वतंत्र संकेतांक असतात. केवळ संकेतांक मोजणाऱ्या यंत्रास ‘नीरज’, ‘पंकज’ व ‘सरोज’ हे शब्द चार चिन्हांचे, तर ‘अंबुज’ पाच चिन्हांचा दिसतो. तीन घरांचा शब्द मागितला असता त्या पाचांपैकी एकटा ‘जलज’ हाती येतो. अक्षर ओळखण्यास शिकविल्याशिवाय यंत्राचे साहाय्य मराठी कोड्यास विश्वसनीय ठरणार नाही.

उरते माणसाचे साहाय्य. आजीने ‘नीरज’ सांगितला आणि नातीने तो लिहिला, तर एक शब्द एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेला, हे खरेच. दैनिक कोड्याची सांस्कृतिक उपयुक्तता बऱ्याच अंशी यातच आहे. तथापि, नातीस तो शब्द स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे कारण कोड्यात सापडले नाही, तर तिने तो आजीच्या अधिकारावर लिहिला असे होईल. दुसऱ्या दिवशी ‘अंबुज’ छापून आले, तर आजी चुकली असे घर मानील. वस्तुतः चुकला तो संकेत.

अशा अनिश्चिततेची किंमत एके काळी रोख मोजावी लागत असे. प्रवेशशुल्क घेऊन चालणाऱ्या बक्षीस-कोड्यांत स्पर्धकाचे उत्तर आयोजकाने आधी ठरविलेल्या उत्तराशी जुळावे लागे. १९५५ च्या केंद्रीय बक्षीस-स्पर्धा अधिनियमाने अशा स्पर्धांतील बक्षिसांस महिन्याकाठी एकूण एक हजार रुपयांची मर्यादा घातली. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून नसलेल्या स्पर्धांनाच हा अधिनियम लागू होतो, असा अर्थ लावला. कौशल्य व नशीब यांमधील ही सीमारेषा बक्षीस नसलेल्या दैनिक कोड्यासही लावून पाहण्यासारखी आहे. पाच उत्तरे सारखीच योग्य असतील, तेथे सोडविणाऱ्याचे कौशल्य संपते आणि तर्क केवळ अंदाज बनतो.

म्हणून साहाय्य घेणे योग्य की अयोग्य, याचा निकष साहाय्याच्या उगमात शोधू नये. सांगितलेला शब्द संकेताशी व छेदांशी ताडून पाहता आला, तर ते साहाय्य अध्ययन ठरते, मग तो आजीने सांगितलेला असो, कोशाने वा यंत्राने. ताडून पाहण्याची सोय कोड्यातच नसेल, तर एकट्याने मिळविलेले उत्तरही उसनेच होय. ही सोय पुरविणे हे रचनाकाराचे काम आहे, आणि मराठी अक्षर त्याला त्या कामी अनुकूल आहे.