थंड हवा आणि जळंबची गाडी

बारावीनंतर मुलीला बुलढाण्यातच ठेवावे की खामगावला शिकायला पाठवावे, हा प्रश्न घरात निघाला तेव्हाच मी ओळखले, की प्रश्न कॉलेजचा नाही, सासुरवाडीचा आहे. सौ. खामगावची!

बँकेतल्या सवयीने मी जमा-नावे मांडले. बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, हवा थंड. पण नुसत्या हवेवर बी. कॉम. होता येत नाही. (मी झालो, वर्ग विचारू नका.) शिवाय कचेऱ्यांचे गाव, दुपारसुद्धा फायलीसारखी सरकते. खामगाव कापसाचे, चांदीचे. तिथले जी. एस. कॉलेज १९४७ चे. आमचे जिजामाता महाविद्यालय त्याहून धाकटे. २०११ च्या जनगणनेत त्यांची माणसे ९४ हजार, आमची ६७. म्हणजे जिल्ह्याचा मान आमच्याकडे आणि गर्दी त्यांच्याकडे! उन्हाळ्यात मात्र तिथे सासराही जावयाला पंख्याखालची जागा सोडत नाही, हे मी नावे टाकले.

"आणि आमच्याकडे रेल्वे आहे," सौ. म्हणाली. बुलढाणेकराच्या वर्मावर बोट!

"कसली रेल्वे? जळंबपर्यंत जायचं, माघारी फिरायचं. सारे तेरा किलोमीटर!"

पोरगी इतका वेळ गप्प होती.

"बाबा, जळंबला मुंबईची लाइन लागते ना?"

मी वहीकडे पाहिले. हा रकाना मी आखलाच नव्हता.