सुधाकराचा सिद्धांत आणि भगीरथाची साक्ष

'एकच प्याला' हें नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरानें, १९१९ च्या फेब्रुवारींत, रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून सुधाकराचें एक मत नाटककाराचें मत म्हणून आपल्या समाजांत रूढ होऊन बसलें आहे. मद्यपाशांतून सुटण्याची संधि पहिल्या प्याल्यापूर्वींच काय ती असते; तो ओठांस लागला कीं मनुष्याची इच्छा संपली, हा त्या मताचा मथितार्थ. नाटकाच्या नांवांतच तें गोंविलेलें असल्यामुळें तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं.

आमच्या मतें हा सिद्धांत गडकऱ्यांचा नसून सुधाकराचा आहे. आणि सुधाकर या खटल्यांतला आरोपी आहे, न्यायाधीश नव्हे. शिवाय तो वकील आहे! मुन्सफाशीं खटका उडून सनद कांहीं काळ रद्द झाली, मानी मनाला तो घाव सोसवेना, आणि तळीरामानें पुढें केलेला प्याला त्यानें हातीं घेतला. येथवर निवड त्याची. आतां आपल्या हातीं कांहीं उरलें नाहीं असें एकदां सिद्ध केलें, म्हणजे पुढचा प्याला घेण्यास मोकळीक मिळते. आणि तें सिद्ध करण्यांत त्यानें आपली सारी वकिली खर्चिली आहे.

नाटक मात्र आपल्या नायकापेक्षां शहाणें आहे. सुधाकर मध्यंतरीं दारू सोडतो, हें आपण विसरतों. निश्चय करून तो कामधंद्याच्या शोधांत बाहेर पडतो, कालचे प्रतिष्ठित स्नेही त्याचा पाणउतारा करतात, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. पहिल्या प्याल्यानें इच्छा मेली असती, तर हा निश्चय झालाच नसता. इच्छा जिवंत होती; तिला उभें राहण्यास जागा मिळाली नाहीं. भगीरथाला ती मिळाली. प्रेमभंगानें तोहि तळीरामाच्याच संगतींत येऊन पडला होता. पण रामलालानें हात दिला, लोकसेवेचें काम दाखविलें, आणि तो सुटला. दुर्दैव इतकेंच कीं, ही सुटका गडकऱ्यांनीं फार घाईनें उरकली आहे. सुधाकराच्या पतनाला जी भाषा लाभली, तिचा दशांशहि भगीरथाच्या धडपडीला लाभला नाहीं. प्रेक्षक घरीं जातांना सुधाकराचें मत बरोबर नेतो. भगीरथाची साक्ष नाट्यगृहांतच राहते.

हा केवळ नाट्यकलेचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. ज्या घरांत आज कोणी पीत असेल, त्या घराला हें मत हताश करतें. अनुभव निराळा आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत ॲक्रन या गांवीं दोन मद्यासक्त गृहस्थांनीं सुरू केलेली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना मद्यापुढें आपण हतबल आहों, हें पहिल्याच पायरीवर कबूल करते. सुधाकराला एवढें मान्य झालें असतें. पण तिचे सभासद पुढें आजच्या दिवसापुरता पहिला प्याला नाकारतात, आणि तोहि एकट्यानें नव्हे, समदुःखितांच्या संगतींत. पुण्यांत १९८६ मध्यें निघालेल्या मुक्तांगणांतहि व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसें नव्यानें आलेल्यांस हात देतात. म्हणजे तो पहिला प्याला आयुष्यांत एकदांच येत नाहीं. रोज सकाळीं नव्यानें येतो. दीर्घकाळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडल्यास जिवावरहि बेतूं शकतें, तेथें नुसता निश्चय पुरत नाहीं, वैद्यच हवा. पण वैद्याचें दार ठोठावणें हीहि निवडच.

यापुढें जी मंडळी हें नाटक बसवितील, त्यांनीं वेळ वांचविण्यासाठीं भगीरथाच्या प्रवेशांना कात्री लावूं नये, एवढी आमची विनंति आहे.