यंत्र, स्पर्श आणि श्रम : फॉर्स्टरच्या एका कथेविषयी

ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ साली प्रसिद्ध झाली. भूगर्भातल्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहणारी आणि निळसर उजेडाच्या तबकडीवर परस्परांना भेटणारी माणसे तिच्यात आहेत. त्यामुळे आज तिचे वाचन बहुधा भविष्यवाणी म्हणून होते. पण भाकीत खरे ठरणे हा काही वाङ्मयगुण नव्हे.

या कथेचे सामर्थ्य ऱ्हासाच्या चित्रणात आहे. यंत्र एकाएकी थांबत नाही. आधी संगीतात घरघर येते, फळांना बुरशी धरते, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधी सुटते. तक्रारी होतात, समितीकडे जातात. आणि हळूहळू माणसांचे कान, नाक, जीभच त्या बिघाडाला सरावतात. दुरुस्तीची यंत्रणाच नादुरुस्त आहे, हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. येथे यंत्र माणसावर सत्ता गाजवीत नाही. माणूसच यंत्राच्या बेताने आपली संवेदनशक्ती छाटून घेतो. 'यंत्राची गुलामगिरी' ही रूढ कल्पना यापुढे ढोबळच म्हणावी लागेल.

मात्र एक प्रसंग कथेच्या मांडणीला छेद देतो. मुलाला भेटायला हवाई जहाजातून निघालेली व्हॅश्टी सूर्यकिरण चुकविताना कलते आणि तेथील सेविका तिला सावरण्यासाठी हात पुढे करते. स्पर्श हा त्या समाजात रानटीपणा! व्हॅश्टी संतापते, तिला पडू दिले नाही याबद्दल सेविका क्षमा मागते. उपरोध तिखट आहेच. परंतु निवेदक जाता जाता असेही नोंदवितो, की प्रवाशांशी प्रत्यक्ष बोलावे लागत असल्याने या स्त्रीच्या वागण्यात काहीसा रांगडेपणा आणि स्वतंत्रपणा आला आहे. म्हणजे तिचे माणूसपण टिकले ते तिच्या कामामुळे. त्यासाठी तिला कुनोसारखे बंड करावे लागलेले नाही.

फॉर्स्टरला हे दिसले, आणि त्याने ते तेथेच सोडून दिले. पुढे 'मानव' विरुद्ध 'यंत्र' असे द्वंद्व उभे राहते, त्यातला मानव प्रामुख्याने उपभोक्ता आहे. यंत्राची सेवा करणाऱ्यांचा उल्लेख येतो, पण त्यांना चेहरा नाही.

मामा वरेरकरांची 'धावता धोटा' (१९३३) येथे आठवते. फॉर्स्टरची घट्ट बांधणी तिच्यात शोधू नये. तथापि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या त्या विश्वात यंत्राशी असलेले नाते मालकाशी असलेल्या नात्यापासून वेगळे काढताच येत नाही. मराठीत यंत्र आणि माणूस यांची चर्चा बहुधा विज्ञानकथेपुरती राखून ठेवली जाते, आणि या कादंबरीला तिच्यात जागा मिळत नाही.