ओलांडावा लागणारा अवकाश

'डॅगरफॉल' (१९९६) या व्हिडिओ गेममधील भूमीचे आकारमान ग्रेट ब्रिटनशी ताडले जाते. तीत सुमारे १५,००० गावे, मंदिरे व भुयारे आहेत. तथापि ही भूमी वाचली जात नाही. खेळाडू नकाशावर स्थळ निवडतो, प्रवासाचे दिवस आपोआप सरतात. पायी जाणे शक्य असले तरी निष्फळ, कारण मधला मुलूख संगणकाने नियमांनुसार पसरलेला आहे. त्याची विशालता ही माहिती होय, अनुभव नव्हे. (जाहिरातींत चौरस किलोमीटरच मोजले जातात.)

वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेच्या विवेचनात निर्देशिलेल्या रिक्त जागा म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. त्या संहितेने योजलेल्या असतात आणि तेथील सांधा वाचकाला जुळवावा लागतो. या अर्थाने रिक्त असलेली भूमी फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) मध्ये आढळते. तेथे वस्ती नाही. सोळा महाकाय प्राण्यांवाचून शत्रू नाहीत. प्रत्येक वधानंतर नायक मध्यवर्ती मंदिरात शुद्धीवर येतो व पुन्हा घोड्यावरून निघतो. वाटेत संगीत नाही. टापा आणि वारा एवढेच. एका मृत तरुणीला जिवंत करण्यासाठी आरंभिलेला हा संहार, काही प्राणी तर डिवचल्याखेरीज अंगावरही येत नाहीत, न्याय्य ठरतो काय? हा प्रश्न त्या मूक दौडीत उभा राहतो, कारण तेथे खेळाडूला करण्याजोगे दुसरे काहीच नसते. अखेरच्या वधाकडे जाताना पूल कोसळतो, घोडा दरीत जातो. उरलेले अंतर नायक एकटाच पायी कापतो.